सहीचा पॅड चालेना? कंपनीला फोन लावायच्या आधी हे करून बघा

आधी एक घोळ निस्तरतो, कारण फोनवर निम्मा वेळ यातच जातो. आपल्याकडे कुणी "डिजिटल सिग्नेचर चालत नाहीये हो" म्हणालं की बऱ्याचदा तो डीएससीचा (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचा) टोकन निघतो, पेनड्राइव्हसारखा, जो सीएच्या ऑफिसात जीएसटीला नाहीतर टेंडर भरायला लावतात. त्यात हाताने सही करायची भानगडच नसते, पिन टाकायचा असतो. हा लेख त्याच्याबद्दल नाही. मी बोलतोय ते सिग्नेचर पॅडबद्दल, म्हणजे ती छोटी काळी पाटी, तिला दोरीने बांधलेला पेन, आपण पाटीवर सही करायची आणि ती समोरच्या स्क्रीनवर उमटते. आरटीओत लायसन्सला फोटोबरोबर सही घेतात, हॉस्पिटलात ॲडमिशनच्या वेळी संमतीपत्रावर घेतात, ती. आमच्याकडच्या एका हॉस्पिटलातल्या सिस्टर तिला सरळ पाटीच म्हणतात, आणि "दादा, पाटी बंद पडली" असा फोन आला की मला कळतं आज दुपारचं जेवण लांबलं.

सांगली-मिरजेकडे मी कॉम्प्युटरच्या एएमसीची, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराची, कामं करतो, पॅड हा त्यातला छोटासा भाग, पण वेळ सगळ्यात जास्त खाणारा, कारण पॅड बिघडला असं वाटतं तेव्हा पॅड बिघडलेला नसतोच, मधेच कुठेतरी साखळी तुटलेली असते. पेनने काढलेली रेघ पाटीतून केबलमध्ये, केबलमधून विंडोजमध्ये, तिथून ड्रायव्हर (विंडोजला पॅडची भाषा समजावणारा प्रोग्राम), मग ब्राउझरचं सॉफ्टवेअर असेल तर मधे एक छोटी सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम), आणि मग कुठे तुमच्या फॉर्मवरच्या चौकोनात येते. नवीन माणूस काय करतो, तर पहिल्याच फटक्यात सगळं अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करत बसतो. असं कृपा करून करू नका. एक तर त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो जो नेमका सुट्टीवर असलेल्या माणसाकडे असतो, आणि दुसरं म्हणजे जे चालू होतं तेही जातं.

पायरी १, पॅड उलटा करा

खरंच, आधी उलटा करून मागचं स्टिकर वाचा. मॉडेल नंबर तिथे असतो आणि पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. आपल्याकडे मी तरी दोनच कंपन्यांचे जास्त बघतो, टोपाझ आणि वॅकॉम. वॅकॉमचं नाव एसटीयू-४३० किंवा एसटीयू-५३० असं असतं, सोपं काम. टोपाझचं मात्र शेपूट बघायचं. नंबरच्या शेवटी एचएसबी असेल तर तो पॅड विंडोजला कीबोर्ड-माउससारखं एचआयडी डिव्हाइस म्हणून दिसतो. बीएसबी असेल तर वायर यूएसबीचीच पण आत गेल्यावर तो कॉम पोर्ट म्हणून, म्हणजे जुन्या सिरीयल जोडणीसारखा दिसतो. नुसता बी असेल तर जुना नऊ पिनांचा सिरीयल, तो आता क्वचितच बघायला मिळतो. बाहेरून हे पॅड जवळपास सारखे दिसतात आणि ड्रायव्हर टाकताना चुकीचा प्रकार निवडला की पॅड धडधाकट असून मुका बसतो. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण नंतर कुणीतरी तो पॅड डबल टेपने काउंटरला चिकटवणार हे ठरलेलं आहे.

पायरी २, केबल आणि आवाज

कॉम्प्युटरचा आवाज चालू करा, पॅडची केबल काढा, परत लावा. लावताना टुणटुण असा आवाज आला पाहिजे, काढताना त्याच्या उलटा. आवाज आला म्हणजे विंडोजला निदान काहीतरी लावलंय एवढं कळलं. काहीच आवाज नाही आला तर सॉफ्टवेअरकडे जायचंच नाही, भानगड वायरीत किंवा पोर्टात आहे. सीपीयूच्या पुढच्या बाजूचे पोर्ट ढिले झालेले असतात, तिथे रोज पेनड्राइव्ह, मोबाइल, काय वाट्टेल ते लावतात लोक, म्हणून पॅड मागच्या बाजूला थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावून बघा. मधे स्वस्तातला हब असेल तर तो काढून बघा, एका पोर्टची वीज चार जणांत वाटली जाते आणि सगळ्यात गरीब बिचारा पॅड उपाशी राहतो. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलीॲम्पिअरच मिळतात, आणि त्याच हबवर प्रिंटर, स्कॅनर, शिवाय कुणाचा तरी फोन चार्जिंगला असतो.

लांबीचंही बघा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. काउंटर मोठा म्हणून दोन एक्स्टेन्शन जोडून पॅड पलीकडे नेलेला मी बघितलाय, सकाळी चालायचा आणि एसी सुरू झाला की बंद, कुणाला काय सांगणार. काही पॅडची केबल मागून निघते, तिथे दुसरी लावून बघताना ती डेटा केबल आहे ना ते तपासा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच, मग स्क्रीनवाल्या पॅडचा दिवा लागतो, माणूस म्हणतो "लाइट तर आहे की", आणि कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही. केबल आतच फिक्स असेल तर ती पॅडमध्ये शिरते तिथे बोटाने हलकेच हलवून बघा. पेशंटचे नातेवाईक पॅड आपल्याकडे ओढतात, सिस्टर परत ओढतात, दिवसातून पन्नास वेळा, वायर तिथेच मोडते.

पायरी ३, डिव्हाइस मॅनेजर

आवाज आला पण सही नाही, तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ही खिडकी उघडी ठेवूनच पॅडची केबल काढा-लावा, यादी हलते, एखादी ओळ जाते आणि परत येते, ती ओळ म्हणजे तुमचा पॅड. नवीन लोक यादी वाचत बसतात आणि त्यात "एचआयडी" नावाच्या दहा ओळी बघून घाबरतात. वाचू नका, नुसतं बघा काय नाचतंय ते.

ओळीवर पिवळा त्रिकोण असेल तर डबल क्लिक करा, आत कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच, तो टाका. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाहीये, पोर्ट बदला, मशीन रीस्टार्ट करा, मग ड्रायव्हरकडे वळा. कोड ४३ आणि सोबत "अननोन यूएसबी डिव्हाइस" दिसलं तर माझा अनुभव असा की ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, परत केबल आणि पोर्टच बघा, आणि दुसऱ्या मशीनलाही कोड ४३ च आला तर पॅड गेला असं समजा.

बीएसबी प्रकारातला पॅड "पोर्ट्स" या भागात कॉम ३, कॉम ५ असा दिसेल. या प्रकाराची एक खोड आहे, साफसफाई करताना कुणी केबल काढून शेजारच्या पोर्टात लावली की नंबर बदलू शकतो, कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ वरच वाट बघत बसतं. एक तर केबल जुन्या पोर्टात परत लावा, नाहीतर त्या ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन नंबर जुना करून द्या. मी पोर्टाशेजारी मार्करने "पाटी" असं लिहूनच ठेवतो.

पायरी ४, कंपनीचा डेमो चालवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे गाळतात. टोपाझचं सिगप्लस, म्हणजे पॅडबरोबरचं त्यांचं सॉफ्टवेअर, टाकलं की त्याच्याबरोबर डेमोओसीएक्स नावाचा छोटा प्रोग्राम येतो, वॅकॉमचाही असाच डेमो असतो. तुमचं हॉस्पिटलचं, बँकेचं, जे काय सॉफ्टवेअर आहे ते पूर्ण बंद करा, ब्राउझरही बंद करा, आणि फक्त डेमो उघडून स्टार्ट दाबा आणि सही करा.

डेमोत सही उमटली तर पॅड, केबल, ड्रायव्हर सगळं ठणठणीत आहे, प्रॉब्लेम वरच्या मजल्यावर आहे, थेट पाचव्या पायरीवर जा. डेमोतही नाही उमटली तर प्रॉब्लेम खाली आहे, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या देऊ नका. तेव्हा मागचं स्टिकर आठवा, सिगप्लस इन्स्टॉल करताना मॉडेल आणि जोडणीचा प्रकार विचारतं, तिथे एचएसबीच्या जागी बीएसबी पडलंय का ते बघा. पडलं असेल तर आता मात्र परत इन्स्टॉल करा, ॲडमिन म्हणून, पॅड काढून ठेवून, आणि बरोबर मॉडेल निवडून.

आधीचं सॉफ्टवेअर बंद करा हे मी उगाच नाही म्हटलं. पॅड एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असतो. डेमो उघडा राहिला आणि तुम्ही हॉस्पिटलचा फॉर्म उघडला तर तिथे पॅड सापडत नाही म्हणून मेसेज येणार, आणि मग आपणच केलेला बिघाड आपणच तासभर शोधणार. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे, डेमो मिनिमाइझ होऊन खाली बसला होता आणि मी ड्रायव्हर बदलत होतो.

पायरी ५, डेमोत चालतो पण फॉर्ममध्ये नाही

सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरच टाकलेलं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पॅडचं मॉडेल निवडायची जागा असते, ती बघा आणि पुढे चला, तिथे फार काही नसतं. खरी गंमत ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे.

वेबसाइटला तुमच्या यूएसबीला थेट हात लावता येत नाही, म्हणून मधे एक सर्व्हिस बसवलेली असते. टोपाझची सिगवेब, ती तुमच्याच मशीनवर ४७२९० नंबरच्या पोर्टवर बसून असते, वेबपेज तिच्याशी बोलतं आणि ती पॅडशी. म्हणजे ती झोपली की संपलं. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस असं शोधा, यादीत टोपाझ सिगवेब टॅब्लेट सर्व्हिस शोधा, रनिंग आहे का बघा, असली तरी राइट क्लिक करून एकदा रीस्टार्ट मारा. अँटिव्हायरस नवीन टाकल्यापासून बंद पडलं असं कुणी म्हणालं तर त्याने हीच सर्व्हिस अडवलेली असू शकते.

इथे तारखेकडे लक्ष द्या. सर्व्हिस सुरक्षित जोडणी वापरते म्हणजे तिला सर्टिफिकेट, एक प्रकारचं ओळखपत्र, असतं आणि त्याला मुदत असते, मुदत संपली की काल चाललेला पॅड आज चालत नाही, कुणी काहीही केलेलं नसताना. सिगवेबचं नवीन व्हर्जन टाकलं की सुटतं. पण त्याच्याही आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. एका विमा एजंटच्या ऑफिसात रात्रभर लाइट नव्हती, सकाळी मशीन सुरू केलं तर तारीख दहा वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, तो नाण्याएवढा ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की ब्राउझरला सगळीच सर्टिफिकेटं खोटी वाटतात. त्यांनी पॅड बदलायला काढला होता, सेल बदलला आणि काम झालं, आणि बिल कसलं करायचं हा मलाच प्रश्न पडला.

अलीकडे क्रोमने आणखी एक गोष्ट सुरू केलीय, वेबपेज तुमच्याच मशीनवरच्या किंवा नेटवर्कवरच्या कशाशी बोलायला लागलं की तो परवानगी विचारतो. काउंटरवर रांग लागलेली असते, मॅडम न वाचता ब्लॉक दाबतात, कारण नको ते पॉपअप बंद करायची हाताला सवय. मग पॅड गेला. ॲड्रेसच्या डाव्या बाजूच्या आयकॉनवर क्लिक करून त्या साइटच्या परमिशन्समध्ये जाऊन ते अलाऊ करा आणि पेज रिफ्रेश करा.

आता जुनी सॉफ्टवेअरं. बरीच सॉफ्टवेअरं ॲक्टिव्हएक्स नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्रावर बनवलेली होती आणि ते चालायचं फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, तो मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला बंद केला. अशी साइट आता एज या मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरमध्ये आयई मोड, म्हणजे जुन्या एक्सप्लोररसारखं चालायची सोय, चालू करून उघडावी लागते. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात असंच होतं. मी एजच्या सेटिंगमध्ये ती साइट आयई मोडच्या यादीत टाकून आलो, सगळे खूश. महिन्याने फोन, पाटी बंद. गेलो, केबल बघितली, सर्व्हिस बघितली, सगळं बरोबर, साइट परत यादीत टाकली, चालू. पुढच्या महिन्यात परत तेच. सिस्टर म्हणाल्या "दादा, ही अमावस्येला बंद पडते." हसलो, पण घरी येऊन डायरी काढली तर ४ मार्च, ३ एप्रिल, ३ मे. मोजले तर बरोबर तीस-तीस दिवस. मग नीट बघितलं तर आयई मोडच्या त्या यादीत प्रत्येक साइटपुढे एक्स्पायरीची तारीख लिहिलेली असते, आपण हाताने टाकलेली साइट ३० दिवसांनी आपोआप उडते! तारीख समोर होती, मीच वाचली नव्हती. कायमचा उपाय म्हणजे पॉलिसीतून, म्हणजे ॲडमिनने मशीनला लावून दिलेल्या नियमांतून, साइटची यादी लावणे, ती एन्टरप्राइज मोडची यादी म्हणतात, तिला अशी मुदत नसते. तुम्हाला पॉलिसीचं जमत नसेल तर कॅलेंडरला रिमाइंडर लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी ६, सही उमटते पण धड नाही

सही कोपऱ्यात बारीकशी येते किंवा अर्धी कापली जाते, तर सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल चुकीचं निवडलंय, त्याला पाटीचं माप चुकीचं वाटतंय. रेघ तुटक येते, तर आधी पेन बघा. इथे पॅडचे प्रकार समजून घ्यायला हवेत. टोपाझच्या सिगलाइटसारखे पॅड दाबावर चालतात, नखाने दाबून ओढलं तरी रेघ उठते, त्यामुळे पेन हरवला तरी वेळ मारून नेता येते, फक्त लोक खिशातला बॉलपेन काढून त्यावर सही करतात त्याला हात धरून अडवा, शाई पुसता येते पण चरा पुसता येत नाही. वॅकॉमचे एसटीयू पॅड वेगळे, पाटीच्या आतून चुंबकीय क्षेत्र येतं आणि पेन त्याच्यावर चालतो, म्हणून पेनमध्ये सेल नसतो, आणि म्हणूनच बोट, नख, दुसऱ्या कंपनीचा पेन, काहीच चालत नाही. पेनचं टोक झिजलं तर तेवढं टोक चिमट्याने ओढून बदलता येतं, सगळा पेन घ्यायला लागत नाही. असा पॅड लोखंडी टेबलावर किंवा स्पीकरला चिकटून ठेवला असेल तर जागा बदलून बघा.

आणि पेन फिरवला की स्क्रीनवरचा माउसचा बाणच फिरतोय असं असेल, तर तो बहुधा सिग्नेचर पॅड नाहीच, ड्रॉइंगचा टॅब्लेट आहे, कुणीतरी स्वस्तात मिळाला म्हणून आणलाय. चित्रं छान निघतात त्याच्यावर, पण सॉफ्टवेअर सिग्नेचर पॅड शोधत असेल तर ते त्याला ओळखणार नाही.

पायरी ७, जेवणानंतर बंद पडणारा पॅड

सकाळी चालतो, दुपारी तासभर काउंटर रिकामा असतो आणि नंतर चालत नाही, केबल काढून लावली की परत चालतो. हे विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं त्यामुळे होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब नावाच्या ज्या ओळी आहेत त्या प्रत्येकीच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटला जा आणि वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू दे अशा अर्थाची टिक काढून टाका. मोठ्या विंडोज अपडेटनंतर ही टिक परत आलेली मी बघितलीय, तेव्हा लक्षात असू द्या.

रिमोट डेस्कटॉपवर काम असेल, म्हणजे पॅड इथे आणि सॉफ्टवेअर पुण्याच्या सर्व्हरवर, तर वरचं सगळं जमूनही सही येणार नाही. कॉम पोर्टवाला पॅड असेल तर रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेसमध्ये मोअर दाबून पोर्ट्सची टिक करा. एचएसबीवाला असेल तर तो असा साधा पलीकडे जात नाही, त्याला सर्व्हरवर वेगळी तजवीज लागते आणि ते काम सर्व्हरवाल्याचं आहे, तुम्ही तिथे डोकं घालू नका.

एवढं करूनही नाही जमलं तर पॅड दुसऱ्या मशीनला लावून तिथे डेमो चालवा आणि मगच कंपनीला फोन करा. फोन करताना समोर स्टिकरचा फोटो ठेवा, विंडोजचं व्हर्जन, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, आणि डेमोत सही येते की नाही, एवढं पहिल्या मिनिटात सांगितलं की समोरचा "आधी रीस्टार्ट करून बघा" म्हणायचा थांबतो. तोवर काउंटरवर छापील संमतीपत्रांचा गठ्ठा आणि एक साधा बॉलपेन असू द्या. तो पेन मात्र पाटीपासून लांब ठेवा.